जयसिंगरावांचे बारा शेक

जून १९९६च्या पहिल्या सोमवारी सकाळी मी टाइम ऑफिसबाहेरच्या फलकावर यादी लावली आणि पंधरा मिनिटांत फाउंड्रीतले जयसिंगराव माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. यादीत सात टिकीट नंबर होते. चौथा त्यांचा होता.

"यादी चुकली आहे," ते म्हणाले. "मी हललो नाही."

बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या आमच्या कारखान्यात फाउंड्रीच्या माणसांचा छातीचा एक्स-रे दरवर्षी काढत. रेतीची धूळ फुफ्फुसात बसते, म्हणून तसा नियमच होता. मे महिन्यात एक्स-रेची गाडी दोन दिवस आवारात उभी राही. चारशे माणसं उघड्या अंगाने रांगेत. मी यादी घेऊन दाराशी नंबर पुकारायचो आणि आतला ऑपरेटर प्रत्येकाला कानडीत एकच वाक्य ओरडून सांगायचा, "उसिरु हिडी!" म्हणजे श्वास धर. ज्याचा फोटो हलायचा त्याला पुन्हा बोलवायचे. ज्याच्या छातीत काही संशयास्पद दिसायचं त्यालाही पुन्हा बोलवायचे. यादी मात्र एकच असे. त्यामुळे यादीत नंबर आला की तो माणूस ठासून सांगे की आपण हललो होतो, आणि बाकीचे त्याच्या चहाच्या पेल्यापासून जरा लांब बसत.

जयसिंगराव अठ्ठावीस वर्षांत एकदाही त्या यादीत आले नव्हते. याचा त्यांना फार अभिमान होता. तरुणपणी ते गरडीत, म्हणजे तिकडच्या तालमीत, कुस्ती खेळलेले. छाती भरून श्वास घेतला की मिनिटभर पुतळ्यासारखे उभे राहत. फाउंड्रीत नवीन माणूस लागला की मे महिन्याच्या आधी ते त्याला रेतीच्या ढिगाजवळ उभा करून शिकवत. प्लेट छातीला गार लागली की श्वास बंद, ऑपरेटर सांगेपर्यंत सोडायचा नाही, डोळेही मिटायचे नाहीत. कुणी हसलं तर म्हणत, "हसा हसा, यादी लागली की रडा."

त्यांच्याशी माझी ओळख त्याहूनही जुनी. मी बी.कॉम. होऊन पुण्याहून इथे टाइम ऑफिसला लागलो तेव्हा माझं मराठी ऐकून हा धिप्पाड माणूस खिडकीशी थांबला आणि आपणही मराठीच असल्याचं सांगू लागला. मला त्यांचं निम्मंच कळलं. थोडं म्हणायला "स्वल्प" आणि बरं म्हणायला "सरी", असं कानडी वाक्यावाक्यात. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, आमचे लोक इथे तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून आले, तुम्ही काल रेल्वेने आलात, तेव्हा बंगळूरचं मराठी कोणतं ते आम्ही ठरवणार. पुढे तीस वर्षं ते मला पुणेरी म्हणत राहिले आणि मीही ते ऐकून घेत राहिलो.

तर यादी चुकली नव्हती. पुन्हा फोटो काढला. जयसिंगराव म्हणाले की या वेळी त्यांनी दुप्पट जोर लावून श्वास धरला होता. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात लिंबाएवढी पांढरी छाया होती आणि तिची कड अगदी स्वच्छ दिसत होती. मग सुई घालून तपासणी झाली. जूनअखेर निकाल आला, कॅन्सर. ऑपरेशन करण्यासारखं ठिकाण नाही, शेक द्यायचा, असं ठरलं.

शेक म्हणजे किरणांचा उपचार. आमच्यात सगळे त्याला शेकच म्हणत. कारखान्याने मोठ्या इस्पितळात व्यवस्था केली आणि त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. कामगार कल्याणाचे कागद माझ्याच टेबलावर असत. शिवाय त्यांच्या बायकोने, भाग्यलक्ष्मीअक्कांनी, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अण्णा, तुम्हीच जा. हे डॉक्टरांसमोर सगळ्याला सरी सरी म्हणतात आणि घरी येऊन मला विचारतात, काय बोलले ते."

डॉक्टर कृष्णमूर्ती शांत स्वभावाचे होते. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. शेक फक्त गाठीला लागला पाहिजे. जवळच हृदय आहे, मागे मणक्यातली दोरी आहे, बाजूला चांगलं फुफ्फुस आहे. म्हणून आधी स्कॅन काढायचा, मग उपचाराच्या यंत्रासारख्याच दिसणाऱ्या पण फक्त एक्स-रे काढणाऱ्या दुसऱ्या यंत्राखाली झोपवून फोटो घ्यायचा, आणि त्यावरून छातीवर जांभळ्या शाईने चौकट आखायची. त्या चौकटीत शेक. रोज एक, शनिवार-रविवार सोडून, एकूण तीस. त्या फोटोच्या यंत्राला एक टीव्हीसारखा पडदा होता, त्यात छातीच्या आतलं चालतं-बोलतं दिसे. पण आखणीच्या दिवशी तो पडदा दुरुस्तीला गेला होता. नुसत्या फोटोवर आखणी झाली. त्याला तेव्हा कुणी काही हरकत घेतली नाही, कारण स्कॅन आणि फोटो दोन्ही एकमेकांशी बरोबर जुळत होते.

पंधरा जुलैला पहिला शेक झाला. दर सोमवारी शेक सुरू होण्याआधी पाठीखाली प्लेट ठेवून शेकाच्याच यंत्रावर एक फोटो घेत आणि तो मूळ फोटोशेजारी लावून बघत. हे काम श्यामला नावाच्या मुलीकडे होतं. ती डॉक्टर नव्हती, किरणांचं माप बघणारी फिजिसिस्ट होती. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. मी रोज बाकावर बसलेला असे, त्यामुळे ती माझ्याशी इंग्रजीत दोन शब्द बोलू लागली. पंधरा तारखेचा फोटो जुळला. बावीस तारखेचाही जुळला. ती म्हणाली, तुमच्या माणसाचे फोटो फार छान येतात. मी ते जयसिंगरावांना सांगितलं. गाडीत बसताना त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

एकोणतीस तारखेचा फोटो जुळला नाही.

त्या दिवशी आम्हाला हेब्बाळच्या फाटकावर अडकून उशीर झाला होता. टेक्निशियनने घाईघाईने आत घेतलं, शेक झाला, आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर श्यामला दारातच उभी. आदल्या दिवशीच्या फोटोत गाठ मूळ जागेपेक्षा वर दिसत होती. दोन सेंटिमीटर वर. तिने मला दोन्ही फोटो प्रकाशाच्या पेटीवर लावून दाखवले. मला त्यातलं कळत नव्हतं, पण तिने पेन्सिल ठेवली तेव्हा एवढं दिसलं की गाठीचा वरचा भाग आखलेल्या चौकटीच्या बाहेर होता.

मग चौकशी सुरू झाली. छातीवरची शाई पुसली गेली होती का? अक्कांनी सांगितलं की दोन आठवडे त्या भागाला पाण्याचा थेंब लागलेला नाही. रविवारचं तेल लावून न्हाणंसुद्धा बंद आहे. यंत्राचा दिवा सरकला होता का? मोजला, नव्हता. टेबल खाली-वर झालं होतं का? नव्हतं. माणूस हलला होता का?

हा प्रश्न श्यामलाने कानडीत विचारला आणि जयसिंगरावांचा चेहरा उतरला. मी हलत नाही, एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी पुन्हा प्लेट ठेवून फोटो काढला, आणि तो अगदी बरोबर आला.

डॉक्टर कृष्णमूर्ती म्हणाले की एखादा फोटो बिघडतो, पुढे चला. बारावा शेक देऊन टाकला. पण श्यामलाचं समाधान झालं नव्हतं. तिने मला विचारलं, कारखान्यात यांचे जुने एक्स-रे आहेत का? मी बुधवारी पाच वर्षांची पाकिटं तारखेप्रमाणे लावून तिच्याकडे नेली. तिने एकेक फोटो काढून छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची रेघ पाहिली. पाचही फोटोंत ती खाली होती. स्कॅनमध्ये खाली, मूळ फोटोत खाली, आधीच्या दोन सोमवारच्या फोटोंत खाली, कालच्या फोटोतही खाली. फक्त एकोणतीसच्या फोटोत वर.

मी म्हणालो, दहा फोटो एक सांगतात, एक फोटो दुसरं सांगतो, मग तो एक खोटा. माझं आयुष्य अशाच पद्धतीने जुळवाजुळव करण्यात गेलं होतं. ती म्हणाली, मलाही तसंच वाटायला हवं, पण या यंत्राचे फोटो मुळात धुरकट असतात, आणि छातीच्या खालच्या भागातली गाठ तर श्वासाबरोबर हलते, तिची कड पुसट यायलाच हवी. इतर रोग्यांची तशीच येते. तुमच्या माणसाची एकोणतीस तारखेला तशीच आली. बाकीच्या वेळी ती पासपोर्टच्या फोटोसारखी येते. मला चांगल्या फोटोंचीच भीती वाटते आहे.

चांगल्या फोटोंची भीती म्हणजे काय, हे मला समजेना. तिने डॉक्टरांना सांगून बुधवारचा शेक थांबवला. कारण तिलाही सांगता आलं नाही. आम्हाला फक्त थांबा म्हणाली.

आम्ही तिघे आवारातल्या पर्जन्यवृक्षाखाली डबा उघडून बसलो. अक्कांनी चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, आणलं होतं. जयसिंगराव जेवत नव्हते. उपचार थांबला म्हणजे आता काही उपयोग नाही असं डॉक्टरांनी ठरवलं, असा त्यांचा समज झाला होता. मी त्यांना धीर द्यायला सगळं सांगितलं, की एकच फोटो वेगळा आला आहे, एकोणतीस तारखेचा, आणि का ते कुणालाच कळत नाही.

"एकोणतीसला फोटो काढलाच नाही," जयसिंगराव म्हणाले.

मी म्हणालो, काढला. मी पाहिला.

"प्लेट कुठे होती? प्लेट पाठीला गार लागते. त्या दिवशी लागली नाही."

मला आठवलं. उशीर झाला म्हणून टेक्निशियनने ती आधीच टेबलाखालच्या कप्प्यात सरकवून ठेवली होती. हे श्यामलाच्या तोंडून ओझरतं ऐकलं होतं, तेव्हा त्यात लक्ष देण्यासारखं काही वाटलं नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलं.

"मग मला सांगायचं की!" ते खरोखर रागावले. "सांगितलं असतं तर धरला असता."

"काय धरला असता?"

"उसिरु. दुसरं काय धरतात फोटोला?"

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, म्हणजे प्रत्येक फोटोला तुम्ही श्वास धरता? ते म्हणाले, प्रत्येक फोटोला. स्कॅनला तर त्यांनीच धरायला सांगितलं. बाकीच्या वेळी कुणी सांगितलं नाही, पण सांगायला कशाला पाहिजे, अठ्ठावीस वर्षं झाली. मी विचारलं, आणि शेक चालू असतो तेव्हा? ते म्हणाले, तेव्हा प्लेट नसते. तेव्हा सावकाश श्वास घेतो, आरामात.

मला अर्धवटच समजलं. एवढं मात्र वाटलं की हे श्यामलाला आत्ताच सांगायला हवं. ती आपल्या खोलीत दहीभात खात होती. मी सांगत गेलो तसा तिचा चमचा डब्यातच राहिला. ती हात धुवून उठली आणि मला म्हणाली, त्यांना घेऊन या, आखणीच्या यंत्राचा पडदा काल दुरुस्त होऊन आला आहे.

त्या पडद्यावर मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. करड्या उजेडात बरगड्या, आणि त्यांच्या खालच्या बाजूला ती पांढरी गाठ. ती स्थिर नव्हती. विहिरीत सोडलेली घागर पाण्यावर बसते-उठते तशी ती वर जात होती, खाली येत होती. श्यामलाने काचेवर मेणाच्या पेन्सिलीने मूळ चौकट आखली. गाठ बराचसा वेळ वरच्या रेघेच्या वर डोकं काढून होती. मग श्यामला आत गेली, त्यांना प्लेट दाखवली, आणि पाठीखाली सरकवली. गाठ हळूहळू खाली सरकली, चौकटीच्या बरोबर मध्ये आली आणि थांबली. कडा लख्ख. डॉक्टर कृष्णमूर्ती तोवर येऊन माझ्या मागे उभे राहिले होते. चाळीस सेकंदांनी जयसिंगरावांना खोकला आला आणि गाठ उसळून वर गेली.

बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो फोटो चांगला आला का, हा.

डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं, की छाती भरून श्वास धरला की गाठ खाली चौकटीत येते, आणि शेकाच्या वेळी श्वास चालू असतो तेव्हा ती वर निघून जाते. जयसिंगरावांना यात अडचण काय तेच समजेना. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आखणी श्वास धरून झाली असेल तर शेकही श्वास धरूनच घेऊ. दर वेळी प्लेट लावा, मी मिनिटभर धरतो, मग थांबवा, मग पुन्हा धरतो. डॉक्टरांनी हे हसण्यावारी नेलं नाही. ते थोडा वेळ खरंच विचारात पडले. पण ते यंत्र असं मिनिटामिनिटाला चालू-बंद करून चालवण्याचं नव्हतं, आणि चाळीस सेकंदांवर येणारा खोकला सगळ्यांनी पाहिला होता. त्यांनी ठरवलं की पडद्यावर बघून गाठ जितकी वर आणि खाली जाते तेवढी चौकट मोठी करायची. त्यात चांगलं फुफ्फुस थोडं जास्त जाईल, पण गाठ सुटणार नाही. रोग्याने फक्त नेहमीसारखा श्वास घ्यायचा.

"नेहमीसारखा म्हणजे कसा?" जयसिंगरावांनी मला मराठीत विचारलं. मी स्वतः घेऊन पाहिला तर माझाही चुकल्यासारखा वाटला. नवीन आखणीच्या दिवशी ते इतके जपून श्वास घेऊ लागले की पडद्यावर गाठ कधी ढिम्म तर कधी धडपडत होती. शेवटी अक्कांना आत बोलावलं. त्यांनी नवऱ्याच्या कानाशी बसून शेजारच्या बाईने नळावर काय काय केलं ते सविस्तर सांगायला सुरुवात केली. सहा मिनिटांनी जयसिंगरावांचं लक्ष उडालं आणि श्वास नीट चालू लागला. श्यामलाने तेवढ्यात काम उरकून घेतलं.

पण खरी अडचण पुढेच होती. बारा शेक झाले होते. त्यांचं काय?

दोन ऑगस्टला, शुक्रवारी, डॉक्टरांनी आम्हा तिघांना खोलीत बसवलं. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं देतो, कारण मी घरी येऊन लिहून ठेवलं होतं. गाठीच्या खालच्या भागाला बाराच्या बारा लागले आहेत. वरच्या भागाला काही लागले, काही नाही. किती, ते सांगता येत नाही. बारा फुकट गेले असं धरून पुन्हा तीस दिले तर खालच्या भागाला आणि आसपासच्या फुफ्फुसाला बेचाळीस होतील, ते सोसणार नाही. बारा पूर्ण लागले असं धरून अठराच दिले तर वरचा भाग जगू शकतो. मधला रस्ता म्हणजे अठरा आणि वर सहा. सहाने वरच्या भागाचं भरून निघेल अशी आशा आहे. पण त्या सहांनी फुफ्फुसात जास्त व्रण पडेल, दम लागेल, कदाचित कायमचा. पुस्तकात याचं उत्तर नाही. तुम्ही हो म्हणालात तर मी सहा देईन.

अक्कांनी विचारलं, सहाच का? पाच का नाही, आठ का नाही? डॉक्टर म्हणाले, मलाही तसं नेमकं सांगता येणार नाही.

जयसिंगराव टेबलाच्या कडेकडे बघत होते. मग ते मराठीत फाउंड्रीतलं बोलू लागले. साचा अर्धा भरला आणि लोखंडाचा रस संपला तर वरून दुसरा रस ओतून चालत नाही. खालचा थंड झालेला असतो, दोन्हींचा सांधा धरत नाही. वरून काम चांगलं दिसतं आणि मशीनवर चढवलं की तिथेच फुटतं. असा साचा फोडतात आणि पहिल्यापासून ओततात. डॉक्टरांनी हे मला इंग्रजीत सांगायला लावलं, नीट ऐकलं आणि म्हणाले की शरीर ओतकामासारखं नसतं. "सरी," जयसिंगराव म्हणाले, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं हे मला दिसत होतं.

सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. रविवारी संध्याकाळी ते माझ्याकडे जयनगरला आले. एकटे, बस बदलून. माझ्या बायकोने कॉफी दिली. त्यांनी मला सरळ विचारलं की तुम्ही आकड्यांतले माणूस, तुम्ही सांगा, अठरा की चोवीस.

मी दोन दिवस कागदावर तेच करत होतो. एका बाजूला बारा लिहायचो, त्यातले किती लागले असतील ते धरायचो, आठ धरले की एक उत्तर येई, सहा धरले की दुसरं. जो आकडा हवा तोच मुळात कुणाजवळ नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं. आणि मग न राहवून दुसरंही सांगितलं. दर मे महिन्यात फाउंड्रीच्या दारावर सूचना लागायची, फोटोच्या वेळी श्वास पूर्ण रोखावा, हलल्यास पुन्हा बोलावण्यात येईल. ती सूचना मी लिहिलेली होती. खाली सही माझी.

ते माझ्याकडे बघून हसले. "पुणेरी, ती सूचना कोण वाचत होतं? मराठीत तर ती नव्हतीच, आणि तुमचं ते कचेरीतलं कानडी कुणाला कळायचं नाही. मी तर ऑपरेटरचं ऐकून शिकलो."

मग ते कॉफीचा पेला हातात धरून बसले. मला वाटलं, ते पुन्हा साच्याचं बोलतील. ते म्हणाले, अठरा घेऊन घरी बसलो तर रोज सकाळी उठून वाटणार की वरचा भाग राहिला. सहा घेऊन दम लागला तर दम लागला, तो तरी दिसतो. मी विचारलं, म्हणजे चोवीस? त्यांनी मान हलवली ती हो म्हणून की नुसतीच, ते मला कळलं नाही. दारात चप्पल घालताना म्हणाले, "उद्या मी काही बोलणार नाही. तुम्हीच सांगा डॉक्टरांना. माझ्या तोंडून नाही निघायचं."

सोमवारी मी सांगितलं. चोवीस. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, जयसिंगराव म्हणाले, "सरी."

चोवीस शेक सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपले. श्यामला आता प्लेट नेहमी आधीच खाली सरकवून ठेवी आणि फोटो कोणत्या दिवशी ते आम्हाला सांगत नसे. डिसेंबरात एक्स-रे काढला. लिंबाएवढ्या छायेच्या जागी वाकडीतिकडी पांढरी रेघ होती. डॉक्टरांनी तो फोटो बराच वेळ उजेडात धरला. अक्कांनी विचारलं, वरचा भाग गेला? ते म्हणाले, गाठ दिसत नाही. अक्कांनी पुन्हा तेच विचारलं, त्यांनी पुन्हा तेच उत्तर दिलं.

पुढच्या उन्हाळ्यापासून जयसिंगरावांना दम लागू लागला. त्यांना फाउंड्रीतून काढून नमुन्यांच्या खोलीत बसतं काम दिलं. हा दम त्या सहांचा, की मोठ्या चौकटीचा, की अठ्ठावीस वर्षांच्या रेतीचा, हे मी डॉक्टर कृष्णमूर्तींना दोनदा विचारलं. एकदा ते म्हणाले, सगळ्यांचा थोडा थोडा. दुसऱ्यांदा म्हणाले, तुम्ही हा प्रश्न सोडून द्या.

गेल्या वर्षी, १९९८च्या मार्चमध्ये, जयसिंगराव निवृत्त झाले. कागदांवर सह्या करायला त्यांना दुसऱ्या मजल्यावर यावं लागलं. मी कागद खाली घेऊन येतो म्हणालो होतो, त्यांनी ऐकलं नाही. पहिल्या वळणावर ते कठड्याला धरून उभे राहिले. खांदे वर-खाली होत होते. मी एक पायरी खाली थांबलो. हात पुढे करावा की नाही हे ठरेना, कारण कुस्ती खेळलेल्या माणसाला ते आवडेल असं वाटत नव्हतं.

मी विचारलं, "जयसिंगराव, सहा जास्त झाले का हो?"

मी उगाच विचारलं असं वाटलं. मग श्वास जरा जमल्यावर म्हणाले, "मी पण तुम्हाला तेच विचारणार होतो. डॉक्टरांना तुम्ही सांगितलं ना चोवीस."

एवढं बोलून ते थट्टेने हसले, की मला तसं वाटलं. विचारायच्या आत ते वळले आणि कठडा धरून पुढची पायरी चढले. मी त्यांच्या मागे, एक पायरी सोडून, चढत राहिलो. वरच्या वळणावर त्यांना पुन्हा थांबावं लागलं.